वांग, वाङ्मय आणि सावली

१

मराठी वाङ्मयाला बाईच्या चेहऱ्याचा तोटा कधीच पडला नाही. चंद्रमुखी झाली, गोरटी झाली, केतकी वर्णाची झाली. विरहाने पांढरी पडलेली आणि लाजेने लाल झालेलीही झाली. पण गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी-काळसर पट्टे चढलेला चेहरा या वाङ्मयाच्या माजघरात सहसा आला नाही. ओटीपर्यंत आला तो मोलकरणीचा म्हणून, कोळणीचा म्हणून, नाही तर कजाग सासूचा म्हणून. लेखकाने हे पट्टे पाहिलेच नसतील, असे म्हणवत नाही. त्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या तोंडावर ते होते आणि पुष्कळदा त्याच्या बायकोच्या तोंडावरही होते. त्यांना काही अर्थ असेल, एवढेच त्याला वाटले नाही.

या पट्ट्यांना मराठीत वांग म्हणतात. डॉक्टर त्यालाच मेलाझ्मा म्हणतात. हा विषय वैद्यकाचा, तो साहित्यविचाराच्या त्रैमासिकात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. चेहरा कसा वाचायचा हे माणूस दवाखान्यात शिकत नाही. ते तो गाण्यांतून, गोष्टींतून, जाहिरातींतून आणि लग्नाच्या बोलण्यांतून शिकतो. हे वाचन चुकले, की औषधही चुकते. वांगाच्या बाबतीत आज नेमके हेच घडते आहे, आणि त्याची किंमत आमच्या मुली स्वतःच्या कातडीने मोजत आहेत.

मी रत्नागिरीत एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या आईच्या, मावश्यांच्या आणि आमच्या वाडीतल्या पुष्कळ बायांच्या गालांवर वांग आहे. त्यावर उपाय करावा असे त्यांना कधी सुचले नाही, कारण त्यांच्या लेखी तो आजार नव्हता. हातांना घट्टे पडावेत तसे तोंडाला वांग पडते, अशी त्यांची समजूत. माझ्या वर्गातल्या मुलींची समजूत निराळी आहे. त्यांना वांग ही लाज वाटते आणि त्या लाजेवर पर्समध्ये एक ट्यूब असते. आईच्या पिढीने सोसले आणि मुलीची पिढी जाळून घेते आहे. या दोहोंच्या मध्ये जी समज असायला हवी होती, ती आमच्या वाङ्मयानेही दिली नाही आणि शाळेनेही दिली नाही.

२

आधी शब्द पाहू. वांग हा शब्द संस्कृत व्यंगाशी जोडला जातो, आणि व्यंग म्हणजे मराठीत उणेपणा. सुश्रुतसंहितेत व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्षुद्र म्हणजे फारसे महत्त्व नसलेले. पण त्याच ठिकाणी त्याचे जे कारण सांगितले आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. क्रोध आणि आयास, म्हणजे राग आणि कष्ट, यांनी वायू प्रकोपतो आणि पित्ताबरोबर मुखाशी येऊन मंडल उठवतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. वातपित्ताचे हे शास्त्र आज कोणी मानावे असा माझा आग्रह नाही. पण त्या जुन्या वैद्याला एवढे दिसले होते, की हा डाग कष्टाशी संबंधित आहे. पुढच्या वाङ्मयाने कष्ट विसरून उणेपणा तेवढा लक्षात ठेवला.

आजचे वैद्यक काय सांगते? कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. उन्हातले अतिनील किरण पेशींच्या गाभ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून हे रंगद्रव्य आड येते. म्हणजे मेलॅनिन ही कातडीची स्वतःची छत्री. वांगात चेहऱ्याच्या काही भागांतल्या रंगपेशी गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. ऊन हे पहिले. त्यात केवळ अतिनील किरण नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही आहे. दुसरे कारण स्त्रीच्या देहातली संप्रेरके. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वांग येते किंवा वाढते. तिसरे कारण घराण्याचा वारसा. चुलीच्या किंवा भट्टीच्या धगीचाही त्यात वाटा असावा, असे डॉक्टर मानतात. पुरुषांनाही वांग येते, पण बायांच्या मानाने फार कमी.

आता ही कारणे रत्नागिरीच्या जमिनीवर ठेवून पाहा. हे गाव सतराव्या अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी दुपारचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो. मार्च ते मे हे आंब्याच्या आणि काजूच्या हंगामाचे महिने. बागेत पेट्या भरायच्या, काजूच्या बिया वेचायच्या, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडायची, वाळत घालायची, चिरेखाणीवर जांभा दगड डोक्यावरून वाहायचा, भाजावळ करायची. जूनमध्ये लावणी लागली की पाठीवर इरले येते, पण ते पावसासाठी. ढगाळ दिवसातही अतिनील किरण खाली येतातच. या सगळ्या कामांत बाई आहे. पुष्कळदा गरोदर बाई आहे, अंगावर पिणारे मूल असलेली बाई आहे. वांगाला लागणारे सारे सामान तिच्या एका दिवसात गोळा झालेले असते.

वांग जात पाहून येत नाही, हेही तितकेच खरे. गच्चीवर पापड घालणाऱ्या ब्राह्मण बाईला येते, कचेरीत बसणाऱ्या बाईलाही येते. फरक पुढे पडतो. डॉक्टर पहिला उपाय सांगतात तो ऊन टाळण्याचा. हा उपाय कोणाच्या आवाक्यात आहे? औषधाच्या चिठ्ठीवर जी गोष्ट सर्वांत वर लिहायची, ती औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती सावली आहे. आणि या देशात सावलीची वाटणी कशी झाली, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

३

चेहऱ्याचा रंग आणि जात यांची सांगड आमच्याकडे इतकी पक्की समजली जाते, की वांगही त्या हिशेबात धरले जाते. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये, अशा अर्थाच्या म्हणी भारताच्या अनेक भागांत आहेत. या म्हणीत एक कबुली दडलेली आहे. ब्राह्मण काळा असतो आणि शूद्र गोरा असतो, हे तिने मान्य केलेले आहे. पण डोळ्यांनी पाहिलेले खरे न मानता वर्णव्यवस्थेचे तेवढे खरे मानायचे, हा तिचा उपदेश आहे.

बाबासाहेबांनी या सांगडीवर वेळीच घाव घातला होता. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात त्यांनी जातीची विभागणी ही वंशाची विभागणी नाही, असे स्पष्ट म्हटले. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात तर नाकाच्या मापांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिले, की स्पृश्य आणि अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे ठरत नाहीत. वर्ण या शब्दाचा अर्थ रंग असेल, पण रंगावरून वर्ण ठरत नाही, हा त्या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष.

त्वचाविज्ञानाने याला जी पुष्टी दिली, ती आमच्या पाठ्यपुस्तकात यायला हवी. गोऱ्यापान माणसाच्या आणि काळ्याकुट्ट माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते कसे पसरले आहेत त्यात. ज्या भेदावर गाणी रचली आणि सोयरिकी मोडल्या, तो भेद कणांच्या मांडणीचा आहे.

आमच्या भाषेत मात्र या कणांची उतरंड लागलेली आहे. गोरीपान, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी. विठ्ठल सावळा चालतो, कृष्ण सावळा चालतो. सून सावळी म्हटले की पुढे 'पण' येतो. 'सावळी पण नाकीडोळी नीटस.' हा 'पण' मराठी वाक्यरचनेतला एक लहानसा शब्द आहे, परंतु त्यात एक अख्खी मूल्यव्यवस्था मावते. वांग असलेल्या बाईला तर हा 'पण'ही मिळत नाही, कारण तिचा चेहरा कोणत्याच पायरीवर बसत नाही. ती एकाच चेहऱ्यात दोन रंगांची असते.

४

आता एका वर्षाकडे पाहू. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षी स्त्रीच्या मुक्तीवर पुष्कळ भाषणे झाली. त्याच वर्षी स्त्रीच्या कातडीसंबंधी चार गोष्टी घडल्या, आणि त्या एकत्र वाचल्याशिवाय आपल्याला आजची ट्यूब समजणार नाही.

पहिली गोष्ट. हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम बाजारात आणले. गोरेपणाचा धंदा तेव्हा नवा नव्हता. मुंबईत १९१९ पासून 'अफगाण स्नो' तयार होत होता. पण स्नो हा प्रसाधनाचा भाग होता. नव्या क्रीमने नोकरी, नवरा आणि आत्मविश्वास यांचे आश्वासन दिले. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, अमेरिकेत काळ्या माणसांच्या हत्यांविरुद्ध आंदोलन उसळले तेव्हा या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. रत्नागिरीच्या मुलीसाठी जे नाव बदलले नाही, ते मिनिआपोलिसमधल्या खुनानंतर बदलले.

दुसरी गोष्ट. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्याबरोबर एक मिश्रण प्रसिद्ध केले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अशी तीन औषधे त्यात होती. माणसाच्या कातडीचा रंग उतरवणारे हे सूत्र वांगावरही चालले. आज वांगावर जे तिहेरी मलम दिले जाते, त्याचे मूळ तेथे आहे. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत वर्षानुवर्षे कैद्यांच्या अंगावर औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग केले होते, आणि त्या कैद्यांत बहुसंख्य काळे होते. त्यांच्या विद्यापीठाने त्याबद्दल २०२१ साली माफी मागितली.

तिसरी गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर फिंडले यांनी काळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर आढळलेल्या एका नव्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. गोरेपणासाठी हायड्रोक्विनोनची क्रीमे दीर्घकाळ लावल्याने त्यांचे गाल निळे-काळे आणि खरबरीत झाले होते. या विकाराला ऑक्रोनोसिस म्हणतात आणि तो एकदा झाला की सहजासहजी जात नाही. रंग उतरवायला निघालेल्या बाईचा चेहरा त्या औषधानेच कायमचा काळा झाला.

चौथी गोष्ट. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी माणसाच्या त्वचेचे प्रकार ठरवले. उन्हात किती भाजते आणि किती रापते, यावरून ही वर्गवारी होती. प्रथम तिच्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. चातुर्वर्ण्य आणि त्याबाहेरचा पंचम ही रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको. मात्र हा योगायोग आहे, कारस्थान नव्हे, हेही म्हणून ठेवते. तो योगायोग इतक्या सहजपणे घडू शकतो, हीच चिंतेची बाब आहे.

या चार गोष्टींच्या आधीची एक गोष्ट आमच्या वाचकांना माहीत असायला हवी. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चामडे कमावण्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठू लागले. शोध घेतला तेव्हा कळले, की त्यांच्या रबरी हातमोज्यांत हायड्रोक्विनोनच्या कुळातले एक रसायन होते आणि ते रंगपेशींना मारत होते. रंग उतरवणाऱ्या औषधांच्या इतिहासात हा प्रसंग आरंभीचा मानला जातो. चामडे कमावणाऱ्यांच्या हातांना झालेली इजा हे एका मोठ्या धंद्याचे ज्ञान झाले. आपल्याकडे चामड्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्या नातींच्या पर्समध्ये आज त्या ज्ञानाचे उत्पादन आहे. इतिहासाची ही वाट सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीत सापडणार नाही.

५

माझ्या विद्यार्थिनींच्या पर्समधली ट्यूब यांपैकी कोणत्या जातीची आहे? पुष्कळदा ती क्लिगमन यांच्या सूत्राची देशी भावंड असते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असलेले हे मलम डॉक्टरने तपासून, काही आठवड्यांपुरते द्यायचे असते. ते मैत्रिणीच्या सांगण्यावरून, दुकानदाराच्या सल्ल्याने, रोजच्या स्नोसारखे वर्षभर लावले जाते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि येथेच फसगत होते. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, केस वाढतात. मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा पेटतो, म्हणून मुलगी ते पुन्हा लावते. दारूच्या गुत्त्यात जे चक्र असते तेच येथे आहे, फक्त ते आरशासमोर चालते.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. भारतातील बारा केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या सुमारे साठ टक्क्यांना ते डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सूट काढून घेतली. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार तालुक्याच्या गावी शोधावा लागतो. याहून वाईट प्रकार आहे तो पाऱ्याच्या क्रीमांचा. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडे निकामी करतो. अकोल्याच्या एका घरातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून आली होती. पाकिटावर निर्मात्याचे नाव नाही, परवाना नाही, घटक लिहिलेले नाहीत, अशी डबी घरात ठेवू नये.

येथे चार गोष्टी सरळ सांगते. लेखाच्या सोवळ्याला त्याने बाध येत असेल तर येवो. वांग खाजत नाही, दुखत नाही आणि संसर्गाने पसरत नाही. गरोदरपणातले वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके होते, तेव्हा त्या काळात घाईने मलम लावू नये. ट्रेटिनॉइन तर गरोदर बाईने लावूच नये. उपचाराचा पाया उन्हापासून बचाव हा आहे. रुंद काठाची टोपी, छत्री, तोंडावरून नीट ओढलेला ओढणीचा किंवा पदराचा भाग, आणि परवडत असेल तर सनस्क्रीन, तेही दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावून. मातकट रंगाच्या सनस्क्रीनमध्ये लोहाचे ऑक्साइड असते आणि ते दिसणाऱ्या उजेडालाही अडवते, म्हणून वांगाला ते अधिक उपयोगी. औषधाने वांग फिके होते, पण उन्हात गेले की परतते. महिन्यात गोरे करण्याचे वचन देणारा माणूस खोटे बोलत असतो.

शिवाय चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग वांग नसतो. फिकट आणि बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करावी. मानेवरची कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल तर रक्तातली साखर पाहावी. हलक्या कुंकवाने आणि केसांच्या कलपाने कपाळ काळवंडते. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. सौभाग्याची खूण कपाळावर कोड उठवते, आणि त्या कोडासाठी बाईलाच बोल लावला जातो. या एका उदाहरणावर आमच्या कथालेखकांनी कथा लिहायला हरकत नव्हती.

६

आता पुन्हा वाङ्मयाकडे. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आले, पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ साली. सौंदर्याची इतकी सूक्ष्म चर्चा मराठीत झाली, याचा आदरच वाटतो. पण सौंदर्य कोणाच्या नजरेने आणि कोणाच्या श्रमावर, हा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता. तो दलित साहित्याने विचारला. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ चे. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या कवींनी आणि आत्मकथनकारांनी प्रस्थापित सौंदर्यकल्पनेला नकार दिलेला होता.

तथापि आपल्या नकाराचीही तपासणी आपणच केली पाहिजे. आमच्या कवितेत काळी, रापलेली, उन्हाने करपलेली माय पुष्कळदा येते. ती धरणी होते, क्रांती होते, वेदनेचे प्रतीक होते. चंद्रमुखीला नकार देऊन कवीने करपलेली माय उभी केली, हे योग्यच झाले. पण प्रतीक झालेल्या मायेला कोणी विचारत नाही, की बाई, दुपारी तुला सावली हवी का? तिचा करपलेला गाल कवीला हवा असतो. तो करपू नये अशी तजवीज करण्याचे काम कवितेचे नाही असे मानले, की कवितेचा नकार अर्ध्यावर थांबतो. चंद्राशी तुलना करणारा आणि निखाऱ्याशी तुलना करणारा, दोघांनीही बाईच्या गालाला हात लावून तो भाजतो आहे का, हे पाहिलेले नसते.

या बाबतीत बायांनी लिहिलेली आत्मकथने मला अधिक विश्वसनीय वाटतात. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये बाळंतपण आणि भूक एकत्र येतात. तेथे बाईचे शरीर प्रतीक नाही. ते उपाशी आहे, ओले आहे, दुखते आहे. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) तर आमच्या रत्नागिरीचेच. फणसवळ्याच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला जातात, ते चित्र त्या पुस्तकाच्या आरंभीच आहे. लेखिकेने त्या बायांना दैवत केले नाही. त्या थट्टा करतात, शिव्या देतात, थकतात, बसतात. ती वाट मला माहीत आहे. तिच्यावर झाड कोठे आहे आणि कोठे नाही, हे ओझे वाहणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असते. हे ज्ञान सौंदर्यशास्त्रात घ्यायचे असेल तर तेथून घ्यावे लागेल.

आणखी एक तपासणी अधिक अवघड आहे. आमच्या शिकलेल्या, नोकरदार बौद्ध घरांतही मुलगी पाहताना रंग पाहिला जातो. वधूवर मेळाव्याच्या पुस्तिकेत 'जातीची अट नाही' या ओळीखाली 'गोरी' हा शब्द मी वाचलेला आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि अपेक्षा मात्र जुन्याच. यावर कोणी असे म्हणेल, की आमच्या बायांनी नीटनेटके राहावे असे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितले नाही का? सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायांना जात ओळखू येईल असे लुगडे आणि दागिने टाकून द्यायला सांगितले. पण त्या उपदेशाचा रोख नीट पाहावा. जातीची खूण अंगावरून उतरवा, हे त्यांचे म्हणणे होते. स्वतःची कातडी उतरवा, असे त्यांनी सांगितलेले नाही. लुगडे जातीने दिलेले होते. वर्ण जातीने दिलेला नाही, हे तर त्यांनी पुढे ग्रंथ लिहून सिद्ध केले. म्हणून वांगावर उपचार घेणे आणि गोरे होण्याची खटपट करणे, यांतले अंतर आपण सांभाळले पाहिजे. पहिल्यात आरोग्य आणि आत्मसन्मान आहे. दुसरीत जुन्या मालकाचीच पसंती मिळवण्याची धडपड आहे. माझ्या विद्यार्थिनीला डाग जावा असे वाटत असेल तर त्यात काही लाजिरवाणे नाही. श्रमिकांच्या चेहऱ्याचे गोडवे गाऊन तिची ही इच्छा हिणवण्याचा अधिकार सावलीत बसलेल्या समीक्षकाला नाही, मलाही नाही.

७

पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला रस्ता वापरण्याची बंदी होती, कारण त्याच्या सावलीचा विटाळ होई. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी ही गोष्ट नमूद केली आहे. ज्यांची सावली नको होती, त्यांना सावली मिळणेही अवघडच होते. देवळाचा मंडप नाही, विहिरीकाठचे झाड नाही, वाड्याची पडवी नाही. विटाळ कायद्याने गेला. पण उन्हातली कामे कोणाकडे आली आणि पंख्याखालची कोणाकडे, हे आजही पुरेसे बदललेले नाही. वांगाचा सामाजिक इतिहास लिहायचा तर तो या ठिकाणापासून लिहावा लागेल.

सावली ही मागता येते आणि कायद्यात लिहिताही येते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी व विसाव्यासाठी सावली यांची सोय सांगितली होती. कागदावर का होईना, सावली हा मजुराचा हक्क आहे असे राज्याने म्हटले होते. मग मासळी बाजारात, चिरेखाणीवर, आंब्याच्या बागेत ती का मागू नये? कामाच्या वेळा दुपार टाळून का ठरवू नयेत? आठवडा बाजाराच्या गावी त्वचेचा डॉक्टर महिन्यातून एकदा तरी का बसू नये, म्हणजे एका तपासणीसाठी बाईला एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोज, दोन्ही गमवावे लागणार नाहीत?

लेखकांकडे आणि शिक्षकांकडे माझी मागणी याहून लहान आहे. वर्गात शृंगाराची कविता शिकवताना रंगपेशींची संख्याही सांगावी. कथेत बाईच्या गालावर वांग आले तर ते तिच्या स्वभावाचे लक्षण म्हणून येऊ नये. ती कोणत्या उन्हात, किती तास, कितव्या बाळंतपणानंतर उभी होती, हे त्यातून कळावे. आणि 'सावळी' या शब्दापुढचा तो 'पण' आपल्या वाक्यातून, आपल्या घरातल्या बोलण्यातून, आपल्या मेळाव्याच्या पुस्तिकेतून काढून टाकावा. व्याकरणाचे त्याने काही अडत नाही.